डावा नट उलटा फिरतो

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, बेंच ग्राइंडरच्या डाव्या बाजूचा नट उलटा फिरतो. सर्वांनी याची नोंद घ्यावी आणि नोंद घेतल्याबद्दल खाली स्वाक्षरी करावी.

ही सूचना माझ्या हातची. खाली प्राचार्यांची सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक. अमरावतीबाहेर, नांदगाव पेठेच्या रस्त्याला आमची संस्था आहे. तिथे तांत्रिक शिक्षण दिलं जातं, असं निदान पाटीवर लिहिलेलं आहे. त्या संस्थेच्या फलकावर परीक्षेचं वेळापत्रक आणि कुणाचीतरी हरवलेली छत्री यांच्या मधोमध हा कागद कित्येक महिने लटकत होता. इंग्रजीच्या मॅडमनी सही केली. ग्रंथपालांनी केली. स्नेहसंमेलनाचं नाटक बसवणारे मराठीचे सर तो कागद दोनदा वाचून माझ्याकडे आले आणि काळजीने म्हणाले, "वानखडे, कोणत्या अंकात?"

ज्या माणसाच्या हट्टापायी ही सूचना निघाली त्याचं नाव शेख रज्जाक. आमच्या वर्कशॉपचे मिस्त्री. राहायला अकोल्याला. रोज सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरायचे, तिथून ऑटोने आमच्याकडे. ठेंगणी मूर्ती, कातरलेली पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आणि खाकी शर्टाच्या खिशात लाकडी मुठीचा एक जुना स्क्रू-ड्रायव्हर. त्या स्क्रू-ड्रायव्हरने स्क्रू फिरवताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. त्याची मूठ ते वस्तूंवर वाजवत आणि डोळे मिटून ऐकत.

आमची पहिली भेट झाली तीच अशी. मी तेव्हा स्टोअरला होतो. चहा समोर ठेवलेला. रज्जाकभाई आत आले, सलाम केला, मुठीने माझ्या कपाला टक् करून एक टिचकी दिली आणि म्हणाले, "वानखडे बाबू, हा कप सोडा. बद्द हाय." मला हसू आलं. कप चांगला फुलाफुलांचा होता. तिसऱ्या दिवशी त्याचा कान माझ्या बोटात राहिला आणि बाकीचा कप चहासकट आवक नोंदवहीवर गेला. नंतर मी त्यांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, "मले काय कळते? कप सांगते. तुमी इचारत नाई, मी इचारतो."

बद्द हा त्यांचा शेवटचा शब्द असे. खणखणीत वाजलं की ते काही बोलत नसत, फक्त मान हलवत. बद्द वाजलं की वस्तू बाजूला. अकोल्याच्या बाजारात माठ विकणाऱ्या बाया त्यांना लांबून पाहून एकमेकींना खुणा करत, कारण हा बाबा पंधरा माठ वाजवून एकही न घेता जाई आणि जाताना कोणते चार मोडीत काढायचे तेही सांगून जाई. आमच्या नव्या इमारतीत ते पहिल्यांदा आले तेव्हा व्हरांड्याने टाच आपटत चालले. "ही फरशी बद्द. ही बी बद्द. ही बी." शेवटच्या टोकाला थांबून म्हणाले, "माशाल्ला, ही एक चांगली हाय." इमारतीचा कंत्राटदार आमच्या अध्यक्षांचा, म्हणजे दादासाहेबांचा, साळा होता. दादासाहेब तेव्हा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. रज्जाकभाई कुणाच्या मागे बोलत नसत, एवढंच मी त्यांच्या बाजूने सांगू शकतो.

आता ग्राइंडरविषयी, ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी. टेबलाला बोल्टांनी आवळलेली एक मोटर आणि तिच्या दोन्ही कानांत दोन दगडी चाकं. छिन्नीला, ड्रिलला, ज्याला म्हणून धार लावायची ते त्या चाकाला टेकवायचं. चाकं मिनिटाला हजारोंनी फेरे घेतात, झिजतात आणि बदलावी लागतात. इथवर सगळं साधं आहे. पण चाकाला तडा असेल तर ते फिरता फिरता फुटतं, आणि त्याचे तुकडे समोर उभ्या असलेल्या माणसाची पदवी, जात किंवा पक्ष विचारत नाहीत.

आमच्या वर्कशॉपची नवी शेड बांधून झाली आणि तिचं उद्घाटन ठरलं. ग्राइंडर जुनाच होता. त्याला हिरवा रंग दिला आणि तो नवा झाला. चाकं मात्र झिजून पुरीएवढी उरली होती, म्हणून नवीन मागवली. ती स्टोअरला, म्हणजे माझ्या ताब्यात, आली. आणि इथे मी माझ्या कारकिर्दीतलं सर्वांत नीटनेटकं काम केलं.

आमच्याकडे नियम असा की, आलेल्या वस्तूचं लेबल स्टॉक रजिस्टरला चिकटवायचं. चाकांच्या दोन्ही अंगांना गोल, जाडसर, छापील कागद होते. त्यांच्यावर आकडे होते, अक्षरं होती. याहून लेबल ते दुसरं कसं असणार? मी पट्टीच्या कडेने चारही कागद अलगद सोडवले, पान बेचाळीसवर डिंकाने चिकटवले, खाली सही केली आणि उघडीबोडकी चाकं वर्कशॉपला पाठवली.

अर्ध्या तासात रज्जाकभाई एक चाक छातीशी धरून माझ्या दारात उभे. "बाबू, याचे कपडे कुठी हायत?"

मी म्हणालो, कोणते कपडे? मग त्यांनी मला बसवून शिकवलं. चाकाच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी चकत्या असतात आणि नट त्यांना दाबून धरतो. लोखंड थेट दगडावर दाबलं तर एखाद्या टोकावर सगळा भार येतो आणि दगड तडकतो. मध्ये तो मऊ कागद असला की भार सारखा वाटला जातो. "तुमच्या खुर्चीवर गादी काहून टाकली? तसंच हे." आणि दुसरं म्हणजे चाक जास्तीत जास्त किती वेगाने फिरवायचं, तो आकडा त्याच कागदावर छापलेला. तो मोटरवरच्या आकड्याहून मोठा असलाच पाहिजे, नाहीतर ते चाक त्या मोटरला लावायचंच नाही. "आता आकडा तुमच्या रजिस्टरात, अन् चाक माह्या हातात. मंग मोटरले तुमचं रजिस्टरच लावू का?"

मी रजिस्टर उघडलं. आकडे जुळत होते, पण कागद डिंकाने पार भिजून बसले होते. मी स्कूटी काढून दुकानात गेलो. दुकानदाराने सगळा प्रकार दोनदा ऐकला, दुसऱ्यांदा आपल्या भावाला बोलावून ऐकवला आणि त्याच मापाचे, त्याच कंपनीचे चार कागद दिले. पान बेचाळीसवरचे चार अजूनही तिथेच आहेत. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यांच्याशेजारी लाल शाईने लिहिलं आहे: लेबले चिकटविल्याचे आढळले, समाधानकारक.

चाक बसवताना त्यांनी मला साक्षीला उभं केलं, आणि मी ते सबंध पाहिलं. भिंतीतल्या सॉकेटमधून मोटरची पिन काढून त्यांनी ती माझ्या हातात दिली. "घट्ट धरा. हे तुमच्या हातात हाय तोवर मी जित्ता हाय." नुसतं बटण बंद करून चालत नाही, कारण बटण कोणीही येऊन दाबतो, आणि आमच्या संस्थेत तर हमखास. मी ती पिन लग्नातल्या करवलीसारखा दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. त्यांनी वरचं कव्हर काढलं, पाना लावला. उजवा नट नेहमीसारखा सुटला, डावा उलटा. असं का, तर मोटर सुरू होताना झटका बसतो, त्या झटक्याने नट सैल न होता कसला जावा म्हणून. "चाक जिकडं फिरते तिकडंच नट खुलते. दोन्ही बाजूले. एवढं पाठ करा, मंग डावा-उजवा काई लक्षात ठेवाचं काम नाई." हे आजच्या आज लिहून लावा, असा त्यांनी हट्टच धरला, आणि माझी सूचना याच वाक्यातून त्याच दिवशी जन्माला आली. मी ते वाक्य सोपं करायला गेलो आणि त्याची पार वाट लावली.

जुनी चाकं उतरवून त्यांनी लोखंडी चकत्या पुसल्या. नवं चाक एका बोटावर टांगलं आणि मुठीने कडेला चार ठिकाणी हलकेच वाजवलं. टन्. टन्. टन्. टन्. देवळातली लहान घंटा दूर वाजावी तसं. त्यांनी मान हलवली. मग चाक दांड्यावर सरकवलं, जबरदस्ती नाही, ठोकाठोकी नाही. कागद, चकती, नट. नट आवळताना मी म्हणालो, अजून थोडा जोर लावा की. ते म्हणाले, "जोर दाखवाचा असन त अखाड्यात जा." कव्हर लावलं. हत्यार टेकवायची पट्टी चाकापासून काडेपेटीच्या काडीएवढी फट ठेवून बसवली. चाक हाताने फिरवून पाहिलं. मग माझ्याकडून पिन घेतली, भिंतीत घातली, मला दंडाला धरून बाजूला ओढलं, स्वतः बाजूला झाले आणि बटण दाबलं. एक पूर्ण मिनिट चाकं नुसती गुणगुणत फिरली. "हे एक मिनट चाकाचं. या मिनटात समोर कोनी नाई. सुलतान असो नाई तं सायेब."

त्या संध्याकाळी ते जरा जास्त बोलले. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. दर वर्षी मुदतवाढ मिळे, आणि यंदाची फाईल दादासाहेबांच्या टेबलावर होती. उद्घाटन झालं की सही. मी त्यांना म्हणालो, आता आराम करा की अकोल्याला, मुलं कमावती आहेत. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ तळहातावर दोनदा आपटली. "पोरं चांगली हायत बाबू. बसा म्हनते, खा म्हनते. पन घरी मले कोनी पाना देत नाई." दुसऱ्या दिवशी काय घडणार होतं ते समजायला हे एवढं माहीत असणं पुरेसं आहे.

उद्घाटनाला भाऊ येणार होते. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. कोणत्या पक्षाचे ते मी लिहीत नाही, कारण हे छापून येईपर्यंत माहिती जुनी होईल. ते अडीच तास उशिरा आले. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. माझ्या हातात माइक होता, आणि माझ्या हातात माइक देणाऱ्याला परिणामांची कल्पना असायला हवी. भाऊ शुद्ध, सानुनासिक, वर्तमानपत्री मराठीत बोलत: याठिकाणी, त्यामाध्यमातून, निश्चितपणाने. वऱ्हाडात जन्मलेला माणूस इतकं शुद्ध बोलतो तेव्हा त्याच्यामागे किती कष्ट असतील, या विचाराने मला नेहमी भरून येतं.

नारळ फोडायला दगड आणून ठेवलेला होता. वारा सुटला म्हणून मंडपवाल्याने तो उचलून कनातीवर ठेवला. रज्जाकभाई त्या वेळी मागे जनरेटरपाशी होते. भाऊ हातात नारळ घेऊन इकडे-तिकडे पाहू लागले. फोटोग्राफर स्टुलावर चढून तयार. तेव्हा दादासाहेब म्हणाले, "भाऊ, मशीनवरच फोडा, लोखंडच आहे." भाऊंनी पहिला घाव मोटरवर घातला, तो घसरला. दुसरा डाव्या चाकाच्या उघड्या कडेवर घातला, आणि नारळ फुटला. पाणी चाकावरून ओघळलं आणि बघता बघता चाकात जिरलं. टाळ्या झाल्या. मी माइकवरून म्हणालो, "मान्यवरांच्या शुभहस्ते श्रीफळ वाढवण्यात आले आहे."

तुमच्या लक्षात आलंच असेल, आपल्याकडे नारळ फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. टाळ्या ऐकून रज्जाकभाई आत आले. त्यांनी ओलं चाक पाहिलं, खोबऱ्याचा तुकडा पाहिला, आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "बाबू, नारळ वाढवला का चाक वाढवलं?"

भाऊ चाकासमोर उभे होते. त्यांच्या डावीकडे दादासाहेब, उजवीकडे प्राचार्य, मागे संचालक मंडळ आणि त्यांच्या मागे मुलं. फोटोत सगळे यावेत म्हणून दादासाहेबांनी सगळ्यांना चाकाच्या बरोबर समोर दाटीवाटीने उभं केलं होतं. भाऊंनी अंगठा हिरव्या बटणावर ठेवला आणि फोटोग्राफरकडे पाहून हसले.

रज्जाकभाई ओरडले नाहीत. ते टेबलामागे गेले, भिंतीतून पिन उपटली आणि येऊन माझ्या मोकळ्या हातात दिली. भाऊंनी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

दादासाहेब म्हणाले, "करंट नाही का?"

रज्जाकभाई म्हणाले, "हाय. बाबूपाशी हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका हातात माइक, दुसऱ्या हातात पिन. इतकं महत्त्व मला लग्नातही मिळालं नव्हतं. मग रज्जाकभाईंनी साध्या आवाजात सांगितलं की चाकावर घाव बसला आहे, शिवाय ते पाणी प्यायलं आहे, दहा मिनिटं द्या, उतरवून वाजवून पाहतो. दादासाहेब म्हणाले, वाजवून पाहायला तो तबला आहे का? संचालक मंडळ हसलं. मग ते रज्जाकभाईंजवळ सरकले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "मिस्त्री, तुमची फाईल माझ्या टेबलावर आहे."

मी अगदी शेजारी होतो. रज्जाकभाईंचा हात खिशाकडे गेलेला होता, तो तिथेच थांबला. त्यांनी एकदा समोरच्या गर्दीकडे पाहिलं, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, माणसं मोजावीत तसं. मग खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. "असू द्या," ते म्हणाले, "फाईल पडून राहते. हे उडते."

भाऊंनी मोठं मन दाखवलं. "करू द्या, करू द्या. श्रमिकांचा सन्मान या ठिकाणी झालाच पाहिजे." आणि फोटोसाठी पाना स्वतःच्याच हातात घेतला. रज्जाकभाईंनी कव्हर काढून दिलं. भाऊंनी डाव्या नटाला पाना लावून नेहमीच्या दिशेने जोर केला. नट आणखी कसला गेला. भाऊ लाल झाले. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर माझ्या सूचनेची एक प्रत चिकटवलेली होती, जावक क्रमांकासह. "भाऊ," रज्जाकभाई अदबीने म्हणाले, "हा उलटा फिरते." मागच्या मुलांत खसखस पिकली, कारण उलटं फिरणं भाऊंना नवीन नव्हतं, मागच्या काही वर्षांत ते तीनदा फिरले होते.

रज्जाकभाईंनी दोन्ही चाकं उतरवली. आधी उजवं बोटावर टांगलं. आणि मला राहवलं नाही. मी माइक त्या चाकाजवळ नेला. टन्. दोन्ही कर्ण्यांतून तो आवाज सबंध आवारात फिरला. मग त्यांनी डावं चाक पुसलं, टांगलं आणि वाजवलं.

बद्द.

दुसऱ्या ठिकाणी वाजवलं. बद्द. ज्या माणसाने जन्मात ग्राइंडर पाहिला नव्हता त्यालाही कळलं. मडकं फुटल्यावर घरातल्या बाईला कळतं तसं. कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती, तरी रज्जाकभाईंनी सांगितलं. ते म्हणाले, पाणी पिऊन आवाज बसला असेल किंवा आत तडा गेला असेल. दोन्हीत ते फिरवायचं नाही. "फिरवलं असतं, अन् फुटलं असतं, त इथिसा समोर जो उभा हाय, त्याच्या तोंडावर आलं असतं." हे म्हणताना ते भाऊंकडे पाहत होते. त्यात काही खोच नव्हती. समोर भाऊच उभे होते.

यावर भाऊ एक वाक्य बोलले. माइक अजून माझ्या हातात होता, चालू होता आणि चाक आणि भाऊ यांच्या बरोबर मध्ये होता. ते वाक्य दोन्ही कर्ण्यांतून गेलं. ते मी आत्ता सांगत नाही, कारण त्यानंतर मला या लेखाकडे तुमचं लक्ष वळवता येणार नाही. एवढंच सांगतो की, चाकाचं दादासाहेबांनी कदाचित माफ केलं असतं. ते वाक्य त्यांना माफ करता आलं नाही. भाऊंवर रागावता येत नव्हतं, माझ्यावर रागावून काय मिळणार, म्हणून ते रज्जाकभाईंवर रागावले.

चाक तीन दिवस उन्हात वाळवून रज्जाकभाईंनी पुन्हा वाजवलं. बद्दच. उजेडाकडे धरल्यावर भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी रेघ दिसली. त्यांनी हातोडा घेतला आणि चाकाचे तुकडे केले, भंगारातून उचलून कोणी पुन्हा वापरू नये म्हणून. तुकडे डब्यात भरून ते माझ्याकडे घेऊन आले, म्हणजे स्टॉक रजिस्टरात नीट लिहिता येईल. पंधरा दिवसांत त्यांना मेमो आला: संस्थेच्या मालकीचे चाक हेतुपुरस्सर फोडले. भाऊंनी फोडलं ते शुभहस्ते, आणि रज्जाकभाईंनी फोडलं ते हेतुपुरस्सर. मेमो टाईप मीच केला. माझं अक्षर चांगलं म्हणून सूचना माझ्याकडे, टायपिंग वेगात म्हणून मेमो माझ्याकडे. हे मी हसत हसत लिहितोय, पण त्या दिवशी माझी बोटं चुकत होती.

खुलासा लिहायलाही ते माझ्याकडेच आले. त्यांनी सांगितलं ते एवढंच: चाक बद्द होतं, म्हणून फोडलं. मी म्हणालो, असं लिहीत नाहीत. आणि कारकुनाच्या सवयीने टाईप केलं: सदर चाकाचा ध्वनी अपेक्षित दर्जाचा आढळून न आल्याने, संभाव्य धोका लक्षात घेता, सद्हेतूने सदरची कार्यवाही करण्यात आलेली असून, तरी कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. त्यांनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं. ऐकून झाल्यावर खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मुठीने कागदावर टक् केलं.

"बाबू, हा कागद बद्द हाय."

मी कागद फाडला आणि त्यांचं वाक्य जसंच्या तसं टाईप केलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून गेलेला तो एकच खणखणीत कागद. दादासाहेबांनी त्याच्यावर काही शेरा मारला नाही. त्यांनी फक्त मुदतवाढीच्या फाईलवर सही केली नाही.

निरोपाला शाल आणि श्रीफळ दिलं. दादासाहेब अकोल्याला कुणाच्या तरी लग्नाला गेलेले. रज्जाकभाईंनी शाल खांद्यावर घेतली, नारळ कानाशी नेऊन बोटाने वाजवला, पाणी हलवून ऐकलं. म्हणाले, "हा चांगला हाय. घरी दगडावर फोडीन." मुलं हसली. जाता जाता त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या टेबलावर ठेवला. मी म्हणालो, मग तुम्ही काय वाजवाल? त्यांनी हाताचं मधलं बोट वाकवून दाखवलं.

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याला गेलो तेव्हा त्यांच्या घरी गेलो. दाराजवळच्या खाटेवर बसले होते आणि खाटेभोवती माठच माठ. कोपऱ्यावरच्या माठवालीने त्यांच्याशी वैर धरून बघितलं, त्याने धंदा वाढेना, मग तिने शेवटी आपले सगळे माठ सकाळी त्यांच्या दारात आणून ठेवायला सुरुवात केली. ते वाजवून देत. पास झालेल्या माठाच्या पोटावर खडूची फुली मारत. फुलीचा माठ घ्यायला लांबून लोक येतात, असं त्यांनी मला सांगितलं, आणि हे सांगताना ते माझ्या डोक्यावरच्या हेल्मेटला बोट लावत होते. पाना कोणी दिला नव्हता, पण रोज सकाळी कोणीतरी काहीतरी विचारायला दारात येत होतं.

संस्थेची खबर विचारली. मी म्हणालो, नवे मिस्त्री चांगले आहेत, चाक बदलताना पिन माझ्याच हातात देतात. भाऊंचं विचारलं. मी म्हणालो, भाऊ हल्ली कुठल्याही मशीनचं उद्घाटन बाजूला उभे राहूनच करतात, फोटोत अर्धेच येतात. रज्जाकभाई पुष्कळ वेळ हसले. मग म्हणाले की त्या दिवशी शेडमध्ये त्यांनी तीन आवाज ऐकले होते. दोन चाकांचे, आणि तिसरा भाऊंचा. आणि चाक बद्द निघालं तरी भाऊ त्या एका वाक्यापुरते अगदी खणखणीत वाजले.

ते वाक्य असं. रज्जाकभाई बोलून थांबले होते. भाऊंनी चाकाकडे पाहिलं, आपल्या पायाखालच्या जागेकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या दादासाहेबांकडे वळले. याठिकाणी, त्यामाध्यमातून, निश्चितपणाने, सगळं त्यांच्या तोंडातून एकदम गळून पडलं, आणि दोन्ही कर्ण्यांतून सबंध आवाराला ऐकू गेलं:

"मंग मले समोर काहून उभं केलं बे?"